नाव उन्हाचं, काम धुळीचं

पत्र : मी शहादा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी २०१६ ची छोटी पेट्रोल गाडी जुनी घेतली. आता ती ६८,००० किलोमीटर चालली आहे. घर ते शाळा एका बाजूने २२ किलोमीटर, त्यातले शेवटचे चार कच्चे. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगचं बिल ९,१७० रुपये आलं. बिलाचा फोटो सोबत जोडते. एवढे पैसे दरवर्षी भरायचे का? आमच्या गल्लीतले मेस्त्री म्हणतात, ‘ताई, आपला उन्हायामा पातय तेल टिकस नही, वीस-पन्नास टाका.’ गाडीच्या पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० छापलंय. माझे दीर सांगतात, काहीही टाका, पण दर पाच हजाराला बदला. आणि कॅन साडेतीन लिटरचा येतो, गाडीत तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. उरलेलं ह्यांच्या मोटरसायकलमध्ये टाकलं तर चालेल का?

ताई,

तुम्ही पुस्तिका उघडून पाहिलीत, म्हणजे निम्मं काम झालं. जळगावात अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवलं, तेवढ्या काळात पुस्तिका वाचून आलेली गिऱ्हाइकं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट तशीच असते.

आधी तुमच्या मेस्त्रींचं म्हणणं घेऊ, उन्हात वीस-पन्नास, म्हणजे २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकायचं, कारण ते शंभरातले नव्वद जण म्हणतात आणि ते वेडगळ नाही. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बोनेटवर हात टेकवत नाही. अशा उन्हात तेल पातळ होणार, म्हणून जाडच टाकावं, असं कोणालाही वाटेल. पण ऑइल बोनेटवर नसतं, इंजिनच्या पोटात असतं. तिथलं तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा राखतात. कुलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारं पाणी, साधारण ९० अंशांवर ठेवायचं हे त्यांचं काम. चालत्या गाडीत ऑइलही ९० ते ११० अंशांच्या घरात फिरतं, मग बाहेर डिसेंबर असो की मे. बाहेर वीस अंश वाढले म्हणून आत वीस वाढत नाहीत, पंखा जास्त वेळ फिरतो एवढंच. गाडी बनवणाऱ्याने ‘तीस’ नंबर ठरवताना इंजिनचा हाच ताप धरलेला असतो.

आता त्या आकड्यांकडे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा सांगतो की थंडगार इंजिन सुरू करताना ऑइल किती सहज वाहील. नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती जाड राहील ते सांगतो. तुमच्याकडे ऊस पिकतो, म्हणून काकवीचं उदाहरण देतो. पहाटे बरणीतली काकवी चमच्यावरून निघता निघत नाही, तीच गरम केली की धार लागते. ऑइलचंही तसंच, म्हणून दोन वेळचे दोन आकडे. ‘तीस’ नंबरचं ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतं. सेंटिस्टोक्स म्हणजे जाडी मोजायचं माप. ‘पन्नास’ नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे मेस्त्री सांगतात ते ऑइल गरम झाल्यावरसुद्धा तुमच्या इंजिनला लागतं त्याच्या जवळपास पावणेदोन पट जाड राहतं.

जाड असलं तर बिघडलं काय? बेअरिंगमधल्या फटी आता केसापेक्षा बारीक असतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. या सगळ्या वाटा पातळ ऑइल धरून कोरलेल्या आहेत. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं आणि इंजिनची थोडी ताकद ते ढवळण्यातच जाते, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. सारंगखेड्याच्या जत्रेच्या दिवसांत, डिसेंबरच्या थंडीत सकाळी सातला गाडी काढता ना, तेव्हा वरपर्यंत ऑइल चढायला जे क्षण लागतात, त्यातच झीज जास्त होते. वीस-पन्नासने गाडी बंद पडणार नाही, लगेच काही वाजणारही नाही. म्हणून तर हा समज टिकून आहे. मेस्त्रींचे हात जुन्या जीप, ॲम्बॅसेडर आणि ट्रॅक्टरवर तयार झालेत. तिथे ते बरोबरच होते.

एक अपवाद सांगून ठेवतो. इंजिन ऑइल पिऊ लागलं, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या आतच ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली, तर एक पायरी जाड ऑइलचा विचार करता येतो. तोही ५डब्ल्यू-४० किंवा फार तर १०डब्ल्यू-४०, पुस्तिकेतल्या तक्त्यात बसत असेल तर. तुमच्या गाडीला ६८,००० ला ती वेळ आलेली नसावी. तरी खात्री करून घ्या, फुकटचं काम आहे. सकाळी, सपाट जागेवर, इंजिन बंद असताना पट्टी ओढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला आणि ओढून पाहा. दोन खुणांच्या मध्ये असलं की बास. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी. आणि ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काळं न पडणारं ऑइल मला जास्त संशयास्पद वाटतं.

कॅनवर नंबरशिवाय आणखी एक गोष्ट पाहायची, एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा. पेट्रोलसाठी ‘एस’ने सुरू होणारी जोडी असते, डिझेलसाठी ‘सी’ने. ‘एसएन’ २०१० चा, ‘एसपी’ २०२० चा. पेट्रोलच्या या जोडीत दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा, आणि नवा दर्जा जुन्या गाडीला चालतो. पुस्तिकेत एसएम किंवा एसएन असेल तर एसपी बिनधास्त घ्या. नंबर आणि दर्जा जुळला की सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, शेल, गल्फ, कोणतंही घ्या. सरकारी तेल कंपन्यांची ऑइलं पुष्कळदा स्वस्त पडतात आणि त्यांत मला कमीपणा कधी दिसला नाही. ब्रँडवरून गॅरेजच्या ओट्यावर होणारी भांडणं मी भरपूर ऐकली. त्यात इंजिनपेक्षा जाहिरातीचा वाटा जास्त असतो. फुल सिंथेटिक की सेमी? सिंथेटिक उष्णतेत जास्त दिवस तग धरतं, हे खरं. पण तुमच्यासारख्या बिनटर्बोच्या साध्या इंजिनात, वर्षातून एकदा बदलणार असाल, तर दर्जा जुळणारं सेमी-सिंथेटिकही पुरतं.

पैसे ब्रँडमध्ये नाही, नकलीत बुडतात. नामांकित कंपनीचे रिकामे कॅन विकत घेऊन त्यात भलतंच भरून विकणारे आहेत. कॅन अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून पक्क्या बिलावर घ्या, स्वतः मेस्त्रीकडे घेऊन जा, सील तुमच्यासमोर फोडू द्या. काम झालं की रिकाम्या कॅनला खिळ्याने भोक पाडून मगच टाका. तो फिरून दुसऱ्या कुणाच्या इंजिनात जायला नको.

आता दिरांचं पाच हजार. तुमचे ४४ किलोमीटर रोज, शाळेचे साधारण २२० दिवस, म्हणजे ९,६८० किलोमीटर. बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं असतं. तुमचं वर्ष आणि तुमचे दहा हजार एकाच वेळी भरतात, देवाने सोय केल्यासारखे. पाच हजार हा आकडा कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा आणि साध्या मिनरल ऑइलचा. मात्र पुस्तिकेत मागच्या पानांवर धुळीच्या रस्त्यांसाठी आणि अगदी जवळच्या फेऱ्यांसाठी वेगळा, कडक तक्ता असतो, तो एकदा वाचा. जवळच्या फेऱ्या म्हणजे घर ते बाजार दोन किलोमीटर आणि परत. इंजिन नीट तापतच नाही आणि आतलं पाणी, पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतो. तुमची गाडी रोज २२ किलोमीटर सलग पळते, त्यामुळे तो प्रश्न नाही. धुळीचा आहे. चार कच्च्या किलोमीटरसाठी मी ऑइलची मुदत निम्मी करणार नाही, पण एअर फिल्टरवर डोळा ठेवीन.

आणि इथे मला तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे सगळं उन्हावर ढकलतात. मीही ढकललं. माझी स्वतःची पहिली गाडी मे महिन्यात पारोळ्याच्या पुढे उकळली. बोनेटमधून वाफ, बायको-पोरं लिंबाखाली, आणि मी, गाड्या दुरुस्त करून पोट भरणारा माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, काय ऊन पडलंय. दुसऱ्या दिवशी रेडिएटर खोलला तर आतल्या नळ्या पांढऱ्या खड्याने अर्ध्या बुजलेल्या. तीन वर्षं त्यात मी बोअरचं पाणी ओतत होतो. हंड्याच्या तळाला जो खार बसतो, तोच. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं पातळ सील, गेलं ते वेगळंच. ऊन बिचारं दरवर्षीचंच होतं.

तेव्हा खान्देशात गाडीला खरोखर खातात ते धूळ आणि जड पाणी. कुलंटमध्ये बोअरचं पाणी एक तांब्याही घालू नका. तयार मिश्रण घ्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचं घ्या. रंग हिरवा की लाल यापेक्षा पुस्तिकेत कोणता प्रकार दिलाय ते पाहा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, कुलंटच्या टाकीतली पातळी बघायची, ती बाहेरूनच दिसते. गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही.

एअर फिल्टरचं मी तुमच्या बिलात पाहिलं, ३३० रुपये. ते योग्यच लागले. अडकलेला फिल्टर पेट्रोल खातो आणि फाटलेला इंजिन खातो, कारण बारीक माती सिलिंडरमध्ये जाऊन सॅंडपेपरसारखी घासते. महागड्या ऑइलनेही ती झीज भरून निघत नाही. झाकणाच्या क्लिपा हाताने निघतात. जानेवारी ते जून दर महिन्याला उघडून झटका, हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलक्या दाबाने. धुवायचा मात्र नाही, कागदाचा असतो. एसीचा फिल्टरही बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, पाच मिनिटांत बाहेर येतो. आणि कापसाच्या दिवसांत गाड्यांमागून चालवताना उडणारा कापूस पुढच्या जाळीतून आत जाऊन रेडिएटर आणि एसीच्या पातळ पत्र्यांवर गोधडीसारखा बसतो. मग एसी थंड करत नाही आणि लोक गॅस भरायला धावतात. हलक्या पाण्याने धुतलं की झालं. प्रेशर पंप जवळून मारू नका, पत्रे वाकतात.

तुमचं बिल पुढे ठेवूनच लिहितोय. इंजिन फ्लश ४५०, ऑइल ॲडिटिव्ह ५५०, इंजेक्टर क्लीनर ४००, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ८५०, एसी डिसइन्फेक्शन ९५०. झाले ३,२००. यातलं एकही काम तुमच्या तक्रारीवरून केलेलं दिसत नाही, कारण तुमची तक्रारच नव्हती. चांगल्या ऑइलमध्ये कंपनीने लागतील ते मिश्रक आधीच घातलेले असतात, वरून आणखी बाटली कशाला? थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करणं वाईट नाही, पण गाडी उभी असताना धडधडली किंवा बंद पडली तर. व्हील अलाइनमेंटचे ८०० सुद्धा गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकीकडून झिजत असतील किंवा मोठ्या खड्ड्यात आदळली असेल तरच. हे सगळे मिळून चार हजार वजा केले की तुमच्याच दराने ५,१७० उरतात. त्यात ऑइल, दोन्ही फिल्टर, वायसर, ब्रेकची सफाई आणि मजुरी आली. मजुरीचे १,६५० मेस्त्रींकडे बरेच खाली येतील.

पुढच्या वेळी काउंटरवर एवढंच म्हणा : जॉब कार्डवर सगळी कामं दरासकट लिहा, त्याशिवाय एक रुपयाचं काम मला विचारल्याशिवाय करायचं नाही. हे बोलायला शिक्षिकेला अवघड जाऊ नये. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी मात्र सध्या बिल-शिक्का सांभाळावा. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड केला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तुमची गाडी २०१६ ची, तुम्हाला कसली वॉरंटी नि कसली भीती.

मेस्त्रींकडे ऑइल बदलताना दोन गोष्टी उभं राहून पाहा. चेंबर नटचा, म्हणजे ज्यातून जुनं ऑइल खाली सोडतात त्या नटचा वायसर नवा टाकला का, आणि पूर्ण कॅन ओतला तर नाही ना. ‘उरलं कशाला’ म्हणून सगळं ओतायची आपल्याकडे सवय आहे. पातळी वरच्या खुणेच्या बऱ्याच वर गेली की फिरता क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र टाकून ठेवा, सकाळी थेंब दिसला तर परत जा. निघालेलं जळकं ऑइल गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी लावायला कुणी मागेल. देऊ नका. ते विषारी असतं, गुरं खांब चाटतात. गॅरेजच्या पिंपातच राहू द्या, तिथून ते पुन्हा शुद्ध करायला नेणारे लोक असतात. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा, बिल चिकटवा. गाडी विकताना ती वही कामाची ठरते.

बिलात वाचलेले पैसे कुठे लावायचे, तेही सांगतो. उन्हाला मी वर सोडून दिलं असलं तरी दोन गुन्हे त्याचे खरे आहेत : बॅटरी आणि टायर. बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं, तिला इलाज थोडा. टायरचा इलाज मात्र फुकट आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलीय तेवढी. दुपारी तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडायची नाही. उलट कमी हवेचा टायर जास्त मुडपतो, जास्त तापतो आणि मे महिन्यात महामार्गावर तोच फुटतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष : ‘२३१६’ दिसलं तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे गाडीसोबत आलेला. नक्षी कितीही चांगली दिसो, तो आता बदला. जुनी गाडी घेतलीत म्हणून हे आजच पाहा, पाचही टायरचं.

आणि ब्रेक ऑइल. तुमच्या बिलात ब्रेकची सफाई आहे, ब्रेक ऑइल बदललेलं दिसत नाही, आणि आधीच्या मालकाने कधी बदललं ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ते हवेतलं पाणी शोषतं, आपल्या पावसाळ्यात तर जास्तच, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल लवकर उकळतं. रोजच्या शाळेच्या रस्त्यावर ते कळणारही नाही. तोरणमाळच्या घाटातून मुलांना घेऊन उतरताना, सतत ब्रेकवर पाय असताना त्यात वाफ धरते आणि पॅडल गादीसारखं खाली जातं. बाटलीला फार पैसे पडत नाहीत. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय तेच घ्या, या आठवड्यात बदला. हे आणि टायर सोडून बाकी सगळं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबलं तरी चालेल.

राहिलं ते उरलेलं ऑइल. तुमच्या ह्यांच्या मोटरसायकलमध्ये टाकू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ घातलेले असतात. कारला ते चांगले, क्लचला घातक. प्लेटा घसरू लागतात, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. त्यांच्या गाडीला कॅनवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (मोटरसायकलच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं ऑइलच लागतं. तुमचं उरलेलं झाकण घट्ट लावून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. पट्टीवर पातळी खाली दिसली की वर्षभर टॉप-अपला तेच वापरायचं, आणि लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत.